शेपटीतले पूर्वज

माझी फजिती ऐकायचीये ना? मग आधी आमच्या घरातला नियम ऐका. बाबांच्या कपाटातल्या जाड पुस्तकाला हात लावायचा नाही. का? नाही म्हणजे नाही. मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं.

मी लहानपणापासून ऐकलं. पण त्या पुस्तकाला बाबांनी तरी कधी हात लावलाय? मी तरी पाहिलं नाही. त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, पांढरी बाजू वर, त्यावर एक अक्षर नाही. वर्तकनगरच्या आमच्या घरात ते एखाद्या न बोलणाऱ्या पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून होतं.

त्यात प्रभाआत्याने डोंबिवलीत नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सगळे काचेचे ग्लास आणि भिंतीवरची घड्याळं देणार, हे नक्की. मला काहीतरी वेगळं द्यायचं होतं. मोबाईलवर एक बाई जुन्या पुस्तकांची पानं दुमडून शोभेच्या वस्तू करताना बघितलेली. मी ठरवलं, आपण मोर करायचा. त्याला पुस्तक जाड हवं, बांधणी पक्की हवी आणि ते कोणालाही नको असलेलं हवं. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात असं पुस्तक कोणतं होतं?

पानं दुमडताना वाचत कोण बसतं? एक-दोनदा नजर गेली तेव्हा सारखं कोणीतरी जन्मत होतं, नाहीतर मरत होतं. मला वाटलं, कादंबरी असेल. लेखकाने जरा आवरायला हवं होतं, एवढंच मनात आलं. कव्हरवर निळा मखमली कागद चिकटवला, पुठ्ठ्याची मान केली, टिकल्यांचे डोळे लावले. शेपटी अशी फुललेली की मीच माझ्यावर खूश!

आत्याने मोर टीव्हीशेजारी मांडला. कोपरीचे नानाकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तेसुद्धा म्हणाले, छान आहे हो. नानाकाका जावयालाही कधी छान म्हणालेले नाहीत.

पूजा झाली, जेवणं व्हायची होती. तेवढ्यात पणजोबा कोकणातून ठाण्याला का आले, यावर काका आणि आत्याची जुंपली. काका म्हणे नोकरीसाठी, आत्या म्हणे भावाशी भांडून. शेवटी काका बाबांना म्हणाले, "आपल्या कुलवृत्तांतात छापलंय की. घरी फोन लाव."

बाबांनी घरीच थांबलेल्या आईला फोन लावला. "अगं, कपाटातलं ते जाड पुस्तक बघ. कॅलेंडरच्या कव्हराचं."

माझा पन्ह्याचा पेला ओठांपाशीच थांबला.

आईने कपाट शोधलं, माळा शोधला. पुस्तक नाही. मग काकांनी इतकी वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर काढलं. थोरला मी असताना वडिलांनी, आप्पांनी, ग्रंथ धाकट्याला दिला, आणि या धाकट्याने तो रद्दीत घातला! बाबा लाल झाले आणि चपला शोधायला लागले. आत्या दारात आडवी. नव्या घरातून भाऊ न जेवता चाललाय म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी.

आता बोलावंच लागणार होतं.

"बाबा, रद्दीत नाही गेलं," मी म्हटलं. "तो मोर आहे ना..."

सगळे मोराकडे बघायला लागले. मोर टिकल्यांच्या डोळ्यांनी सगळ्यांकडे.

काकांनी चष्मा चढवला आणि शेपटीत डोकं घातलं. "हे आप्पा," ते हळूच म्हणाले. "अर्धेच दिसतायत."

बाबा चपला सोडून आले. आत्याही आली. मग काय विचारता! तिघंही पिसं चाचपत एकेक पूर्वज ओळखायला लागले. इतक्या वर्षांत ते पुस्तक पहिल्यांदा कोणीतरी वाचत होतं.

"मी कुठंय रे?" आत्याने विचारलं.

काकांनी शेपटी तिरकी करून वाचलं. आप्पांचे दोन पुत्र, त्यांची नावं, शिक्षण, हुद्दे. आणि खाली, "कन्या एक."

"नाव?"

"एवढंच आहे." काका घाईघाईने माझ्याकडे वळले. "ते जाऊ दे. तू आधी ही सगळी पानं सरळ कर. आत्ताच्या आत्ता."

"नाही करणार."

"काय म्हणालीस?"

"नाही करणार, काका. आत्या शिकली, जन्मभर नोकरी केली, स्वतःच्या नावावर घर घेतलं. आणि तुमच्या पुस्तकात ती नुसती 'एक'? मोर आत्याला दिलाय. तो तिच्याच घरात राहणार, असाच."

काकांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. बाबांनी खाली बघितलं. आत्याने मोर पुन्हा टीव्हीशेजारी ठेवला आणि पानं वाढायला घेतली.

मी मान ताठ करून उभी. काय करणार? घड्या सुटू नयेत म्हणून मी प्रत्येक घडीत गोंद ओतलेला. सरळ करायला बसले असते तर तिथेच उघडी पडले असते. पणजोबा नोकरीसाठी आले की भांडून, ते आता फक्त मोरालाच माहीत.