दोन बोटं जास्त

मृणाल, फोन जरा कानाजवळ धर आणि ऐक. दर वेळी नुसतं "हौ काकू, येते" म्हणतेस आणि येत नाहीस, लबाड!

आज ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि तुझा निळा ब्लाऊज हाती लागला. तुझा कणा एका अंगाला झुकलेला, म्हणून कुणाला कळू नये अशी डावी बाजू मी नेहमी दोन बोटं जास्त शिवायची. ऑपरेशनमध्ये मणके जोडले, तू सरळ झालीस, आणि मी सवयीने हा तस्साच शिवला! आरशात बघून तू हसलीस, "काकू, आता ब्लाऊजच वाकडा!"

माझ्या हातून कात्री पडली. मी धावले, तर म्हणालीस, "नक्को, मला करू दे." कंबरेतून वाकणं आता होणार नव्हतं. तू सावकाश श्वास सोडलास, पाठ ताठ ठेवून एक गुडघा टेकलास आणि कात्री उचलून माझ्या हातात दिलीस. "घे, उसव."

तेव्हा तू पडशील म्हणूनच मी घाबरले होते. आज वाटतं, त्या दिवसापासून तुझं काही लपवायला माझी गरजच उरली नाही.

कोठीच्या बाजारातून कापड आणलंय. पण तुझं आताचं माप माझ्याकडे नाही, ते फोनवर घेता येत नाही गं. मापाला तरी ये, जल्दी ये.