मदत केली आणि मावशीची पेन्शन बंद पडली!

माझं शिक्षण आठवीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आणि भारी शब्दही मला येत नाहीत. कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामात मी वजनकाट्यावर असतो. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. पण ऐकतो सगळं, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या मंडळाचे किस्से माझ्याकडे साठत जातात. कुणी मुद्दाम करत नाही हो! चार माणसं चांगलं काम करायला बसली, की किस्सा आपोआप होतो.

त्यातला हा काशीमावशीच्या पेन्शनचा. मावशी गव्हाण गावची. नवरा हायवेवर ट्रकखाली गेला, मूलबाळ नाही. पापड लाटून खोलीचं भाडं निघायचं आणि निराधार योजनेच्या तेव्हाच्या शंभर रुपयांत महिन्याचं तांदूळ-तेल.

* * *

त्या वर्षी गणपतीत मंडळाने ऑर्केस्ट्रा रद्द केला आणि ते पैसे मावशीला द्यायचे ठरवले. अध्यक्ष आमचे नंदूदादा, पिठाची गिरणी त्यांची. "कार्यक्रम दिसला पाहिजे!" म्हणून त्यांनी मखरवाल्या पेंटरकडून दरवाजाएवढा थर्माकोलचा चेक करून घेतला. पाकिटात मी मोजून अकराशे भरले, चेकवर अकरा हजार!

"अरे, एक शून्य जास्त कसं?" दादांनी पेंटरला धरलं.

"दादा, थर्माकोल केवढा, आकडा केवढा! जागा रिकामी दिसत होती!"

दादांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. "दिसतंय मात्र झकास," म्हणाले.

गावातल्या साप्ताहिकात मावशीचा चेक घेतानाचा फोटो छापून आला.

* * *

फोटो तहसील कचेरीतही पोचला. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की पेन्शन थांबते, आणि देणगीही त्यात धरतात. चौकशीचे साहेब भला माणूस, पण नियमापुढे काय करणार?

"मावशी, अकरा हजार मिळालेत तुम्हाला. फोटोत दिसतंय."

"तो चेक माळ्यावर हाय, सायेब. मांजर झोपते त्याच्यावर. मोड देत असाल तर आत्ता आणते!"

* * *

पेन्शन थांबल्यावर गल्ली मदतीला धावली, पण मावशी आता फुकट काही घेईना! आमचे खजिनदार सलीमभाई, टेलर. त्यांनी ब्लाऊज शिवून दिला, तर मावशीने रुपया पुढे केला.

"मावशी, तौबा! तुमच्याकडून पैसे?"

"घे रं बाबा. फुकट घेतला तर तो पन उत्पन्नात धरतील."

मी गुपचूप तांदळाची पिशवी घेऊन गेलो. तिने दार अर्धंच उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"फोटोवाला नाय ना आनलास?"

* * *

यातच मावशीच्या नवऱ्याच्या अपघाताच्या दाव्याचा निकाल लागला. इतकी वर्षं रखडलेली नुकसानभरपाई मंजूर झाली! वकील पेढे घेऊन आले. पैसे मात्र कोर्टाने मावशीच्या नावावर बँकेत ठेवले, मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही.

"म्हंजे आमी आता गरीब का श्रीमंत?" मावशीने विचारलं.

"कागदावर श्रीमंत," वकील म्हणाले.

"मग दूधवाल्याला सांगा, दूध पन कागदावर घाल!"

आम्हाला धसका, आता पेन्शन कायमची गेली. पण साहेबांनी सगळं नीट पाहिलं. म्हणाले, "भरपाईची मुद्दल हे उत्पन्न नाही. व्याज धरतात, ते मर्यादेत बसतंय. अडलंय ते तुमच्या अकरा हजारांवर! मंडळाने खरा आकडा सांगावा, मी पेन्शन चालू करतो."

* * *

मंडळाची मीटिंग बसली. नंदूदादा तयार होईनात. सासुरवाडीला, आपटा गावी, त्यांनी तो फोटो फ्रेम करून दिला होता!

"गल्लीसमोर सांगू, की आकडा फुगवला? माझी इज्जत काय राहील?"

सलीमभाई सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "इज्जत तुमची, भूक मावशीची. तराजूत घालून बघा, दादा. गिरणी तर तुमचीच आहे."

दादा उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साहेबांना निरोप पाठवला, या म्हणून.

* * *

साहेब जबाब घ्यायला गल्लीत आले. गिरणीसमोर टेबल मांडलं. बायका, पोरं, दुकानदार, सगळे जमले. मावशी खुर्चीवर बसायला तयार नव्हती, ती पायरीवर बसली.

नंदूदादा उभे राहिले. अंगावर पीठ तसंच.

"साहेब, आम्ही अकराशेच दिले. अकरा हजार नुसतं लिहायला. चूक माझी."

कोपऱ्यात दोन पोरं फिसकन हसली. दादांची मान खाली गेली.

साहेब लिहायला लागणार, तोच मावशी ताडकन उठली.

"खोटं बोलतो हा! अकरा हजारच दिलं मला!"

साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"मावशी!" दादा ओरडले. "अगं, खरं सांग! अकराशेच दिले!"

"तू गप रे! अकरा हजार! मोजून घेतलं मी!"

"अगं, पेन्शन जाईल तुझी!"

"जाऊ दे! माझ्यापायी ह्या पोराला कोन हसलेलं मला खपनार नाय!"

साहेबांनी एकदा दादांकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. पेनाला टोपण लावलं. "तुमचं आधी ठरू द्या. मी उद्या कचेरीत आहे," म्हणाले आणि सायकल काढून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. मावशीला रिक्षात घालून कचेरीत नेलं. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "पाकीट मी भरलं होतं. अकराशे."

साहेबांनी मावशीकडे पाहिलं.

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि अकराशे लिहिलं.