सोयरिकीची चौकशी

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. पटलं नाही की तोंडावर बोलायचं, मग समोर कुणी का असेना. या तोंडापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली, पण एकदा त्याच तोंडानं आमचा संसार उभा केला.

चीनशी लढाई झाली, त्यानंतरची गोष्ट. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात ह्यांची निवड झाली होती, पण नेमणूक पोलीस चौकशीवर अडली होती. आम्हाला धाकधूक होती ती एकाच गोष्टीची. लग्नाआधी हे नंदुरबारच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखून घ्यायचे. तिथं ह्यांच्याच मामानं विकायला आणलेला, वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस ह्यांनी कोरडा म्हणून आत घेतला. ढीग आतून तापला, लबाडी उघडी पडली आणि मालकानं ह्यांना काढून टाकलं.

तापीकाठच्या आमच्या गावाची एक रीत होती. मुलाच्या चौकशीला सोयरे आले की त्याचं वाईट बोलायचं नाही; जुळणारी सोयरीक मोडणं म्हणजे पाप. हवालदार आला तेव्हा गावानं त्यालाही हीच रीत लावली. आमच्या ओट्यावर खाट टाकली, चहा आला, केळी आली.

"पोऱ्या सोनाना शे," शेजारचे काका म्हणाले.

"मग मधे जिनिंगची नोकरी का सुटली होती?" हवालदारानं विचारलं.

"त्यानी माय बिमार व्हती," काका म्हणाले. त्याच दमात दुसरा कुणी म्हणाला, "बाप बिमार व्हता."

धडधाकट माय तिथंच कप उचलत होती. बाप, म्हणजे माझे सासरे, मिशीला पीळ देत बसले होते. त्यांनीही मान डोलावली, "हा, मीच बिमार व्हतू."

हे खाली मान घालून उभे. वडिलांचा शब्द खोडायचा कसा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक लबाडी झाकायला अख्खं गाव खोटं बोलत होतं. मी दाराआडून म्हणाले, "कोनी बिमार नव्हतं, हवालदारसाहेब. त्यासले कामवरथीन काढी टाकेल व्हतं. का, ते त्यासलेच इचारा."

सासऱ्यांसमोर सून बोलली! सासऱ्यांनी दाराकडे पाठ फिरवली. ह्यांनी मात्र मान वर केली.

"मामाना वल्ला कापूस मी कोरडा म्हनीसन घिदा. चुकी मन्हीच." मग पुढचंही सांगितलं. दुसऱ्या हंगामात हे त्याच मालकाच्या दारात गेले, माफी मागितली आणि हमाली केली. वर्ष सरायच्या आत मालकानं त्यांना पुन्हा पारखीवर बसवलं.

हवालदारानं कप खाली ठेवला. "मी जिनिंगवरूनच येतोय. मालकानं मला हे सगळं सांगितलंय. जुनी चूक पोटात घालता येते. पण आज खोटं बोलला असतात, तर हा माणूस दारूगोळ्याजवळ नको, असंच मी लिहिलं असतं."

सासऱ्यांनी माझ्याशी अबोला धरला, तो नेमणुकीचा कागद येईपर्यंत. कागद आला त्या दिवशी मी हसले, रडले आणि गावभर गूळ वाटत फिरले. शेजारच्या काकांच्या तोंडात तर मुद्दाम मोठा खडा कोंबला.

पुढे गावात कुणी सोयरे चौकशीला आले की सासरे खाट टाकायचे, चहा सांगायचे, रीतीप्रमाणे मुलाची तारीफ करायचे. मग घराकडे हात करून म्हणायचे, "खरं आयकनं व्हई, ते मन्ही सूनले इचारा."