दवणा पुढं, बडीशेप मागं

ग्लास हातात आला की दादा आधी त्याला नखाने टिचकी मारत आणि कान जवळ नेत. मग नाक. मग डोळे मिटून बराच वेळ काहीच नाही. आपण आपला ग्लास संपवून टाकावा की सभ्यपणे थांबावं, या विचारात समोरचा असताना ते हात वर करून म्हणत, "थांबा भाऊ. आउटर सिग्नलले उभी आहे. येऊन राहिली."

येऊन राहिली ती चव. रेल्वेत जन्म काढलेल्या माणसाचा कुठलीही गोष्ट थेट प्लॅटफॉर्मवर लागण्यावर विश्वास नसतो.

त्यांची नोकरी दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालडबे तपासण्यात गेली. लांब दांड्याच्या हातोडीने चाकाला ठोकायचं आणि आवाजावरून ते शाबूत आहे की चिरलं आहे ते सांगायचं. निवृत्तीनंतर ठोकायला चाक उरलं नाही, तेव्हा ते समोर येईल त्याला ठोकून पाहत. माठ, नारळ, माझ्या नव्या मोटरसायकलची टाकी. टाकीबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं.

मी त्यांचा शेजारी. शहरात सिविक सेंटरमधल्या बँकेत खुर्ची उबवून संध्याकाळी चरोद्याला परतणारा. मी त्यांना दादा म्हणे, त्यांच्या बायकोला वहिनी. दादा पिणाऱ्यांतले नव्हते. होळीला कुणी आग्रहाने बियर दिली तर घेत आणि दुसऱ्या दिवशी ती कडू होती अशी तक्रार करत. अशा माणसाच्या घरी पुढे रविवारी दुपारी ॲबसिंथ नावाच्या परदेशी कडू दारूचे चार प्रकार मांडून त्यांची तुलना होऊ लागली, हे सांगितलं तर तुम्हीही माझ्या साहेबांसारखेच हसाल.

कारण होतं त्यांची मुलगी, मीनू. ती स्वित्झर्लंडला वासांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. वास घेण्याचा पगार मिळतो, हे चरोद्यात कुणाला पटेना. दादांनाही पटलं नव्हतं, पण ते बोलले नाहीत. बाप-लेकीचं बोलणंच मुळात कमी. फोन आला की "जेवली?" "हो. तुम्ही?" "हो. आईले देतो." एवढं झालं की संभाषण यशस्वी. वहिनी म्हणत, "या बाप-लेकीपेक्षा तं सिग्नल जास्त बोलते. थो निदान तीन रंग दाखवते."

मग एका डिसेंबरात मीनू सुट्टीवर आली ती ॲबसिंथची एक बाटली घेऊन. जिथे हे पेय जन्मलं म्हणतात, त्याच खोऱ्याजवळ तिचं गाव. दादांनी लेबल उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय करते?"

"पाणी टाकलं की दुधासारखं होते, बाबा."

"कावून होते?"

या एका 'कावून'चं उत्तर देता देता संध्याकाळ झाली. बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाणी पडलं की बाहेर येतं आणि पांढरं दिसतं. कडवटपणा ज्या झुडपाचा, ते आपल्या दवण्याचं चुलत भावंड. चैत्रात देवाला वाहतात तोच दवणा. दादा ऐकत होते, उलट विचारत होते, हुज्जत घालत होते. वहिनी दोनदा दारात येऊन पाहून गेल्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, इतकं तं थे माह्याशी पस्तीस वर्षांत नाही बोलले."

त्यानंतर दर रविवारी दुपारी फोनवर व्हिडिओ लागे. मीनूकडे जी बाटली तीच दादांकडे, तिने सामानातून आणून ठेवलेली. इकडे दुपार असे तेव्हा तिकडे सकाळ. पण वास घेणं हे तिचं कामच असल्यामुळे कुणी त्यावर बोललं नाही. मला साक्षीदार म्हणून बोलावणं असे.

बंदोबस्त दादांचा. परदेशात म्हणे ग्लासावर जाळीचा चमचा ठेवतात, त्यावर साखरेची वडी, आणि वरून नळाच्या भांड्यातून थेंब थेंब गार पाणी. दादांनी सोऱ्याची शेवेची चकती घेतली. साखरेच्या वडीऐवजी कॅम्प-1च्या बाजारातला बत्तासा. आणि थेंबांसाठी सरळ देवघरातलं तांब्याचं अभिषेकपात्र उतरवलं.

घरात जे व्हायचं ते झालं. वहिनी कडाडल्या, "महादेवाचं पाणी अन तुमचं हे हिरवं पाणी एका भांड्यातून नाही पडाचं, सांगून ठेवते!"

"थेंब तं सारखाच पडते न."

"मंग तुमी बसा पिंडीच्या जागी!"

दादांनी दुर्गहून दुसरं अभिषेकपात्र आणलं. पण मला विचाराल तर कुठल्याही उंची हॉटेलातली चांदीची यंत्रं त्याच्यापुढे उगाच मिरवणारी वाटली असती. बत्ताशावर थेंब पडे, बत्तासा शेवेच्या भोकांतून खाली गळे, आणि ग्लासात धुकं उतरे.

प्रकारांबद्दल दादांची मतं ठाम होती, आणि बऱ्याचदा चुकीचीही. फ्रान्सची हिरवी त्यांना मालगाडी वाटे. हळू येते, पण भरून येते. स्पेनकडची गोड, तिच्यात चक्रफूल फार; ती लग्नाची स्पेशल. चेक देशातली पाणी टाकूनही पांढरी होईना, शिवाय तिच्यावरची साखर पेटवतात असं समजल्यावर दादांनी बत्तासा पेटवून पाहिला. वहिनींच्या क्रोशाच्या रुमालाला भोक पडलं. ती बाटली डिरेल म्हणून बाजूला निघाली. आणि मीनूच्या खोऱ्यातली रंग नसलेली, तिच्यावर त्यांचा जीव. तिचा निकाल ठरलेला: "दवणा पुढं, बडीशेप मागं. गाडी टायमावर."

एकदा रायपूरहून त्यांचे साडू आले. हे गृहस्थ पाणीसुद्धा ग्लास गोल फिरवून पीत. हिरवी चाखून त्यांनी छताकडे पाहत इंग्रजीत कुरणं, मध, ओलं लाकूड वगैरे बरंच काही सांगितलं आणि शेवटी आवाज उतरवून विचारलं, "याने भास होतात म्हणे?" दादा म्हणाले, "तुमाले होऊन तं राहिले." मीही भासांची वाट पाहिली होती, ते कबूल करतो. मला खिडकीतून पाण्याची टाकी दिसे. ती एरवीही दिसते.

मास्कच्या वर्षात दादांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो परत आलाच नाही. आधी वहिनींच्या लक्षात आलं. गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि दादा शेजारच्या खोलीत शांतपणे पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले. जिभेला गोड-कडू कळत होतं, एवढंच.

दादांनी मला अंगणात बोलावून घेतलं. तिथे ते शेवंतीची कुंडी उगाच या बाजूची त्या बाजूला करत होते.

"भाऊ, मीनूले सांगाचं नाही."

"पण तिचा तर तोच विषय आहे. काही उपाय सांगेल."

"उपाय सांगन. अन बाटल्या बंद करन. बापाले वास नाही येत, तं कायले त्रास द्याचा, म्हणन. मंग रविवारी आम्ही काय बोलाव? जेवली? हो. आईले देतो?"

मी त्यांच्या हातातली कुंडी घेऊन जागेवर ठेवली. आणि मी त्यांचं नाक झालो.

योजना त्यांचीच. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसायचं, वास घ्यायचा आणि खूण करायची. नाकाला हात म्हणजे दवणा पुढे, कानाला हात म्हणजे बडीशेप पुढे, डोक्याला हात म्हणजे काही कळत नाही. पहिल्या रविवारी मी डोक्याचा हात काढलाच नाही. पण दादांनी आठवणीवर वेळ मारून नेली. टिचकी, कान, नाक, मिटलेले डोळे, सगळं जसंच्या तसं. वहिनी ओट्याशी उभ्या राहून खोटंच भांडं घासत. त्या घरात तेव्हा आम्ही तिघे जेवढं मन लावून काम करत होतो, तेवढं मी बँकेत कधी केलं नाही.

बरेच महिने निभावलं. मग एका रविवारी मला कानावर डास चावला. मी कान चोळला आणि पलीकडे दादांनी मीनूच्या खोऱ्यातल्या बाटलीला बेधडक सांगून टाकलं, "बडीशेप पुढं! दवणा कुठीच नाही."

फोनवर मीनूने आपला ग्लास पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाली, "अच्छा?"

त्या डिसेंबरात ती आली. रविवारी दुपारी व्हरांड्यातल्या उन्हात तिने स्टुलावर तीन ग्लास मांडले. तिन्ही आतून पांढरे करूनच आणलेले. मला तिने स्वतःच्या बाजूला बसवलं आणि सहज माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणजे नाक, कान आणि डोकं, तिन्ही खाती बंद; निकालाआधी दादांची नजर कुठे वळते, ते तिने फोनवर पाहिलं असणार.

"बाबा, आज परीक्षा. कोणती कुठली, सांगा."

पहिले दोन ग्लास दादांनी जिभेवर धरून, रंगाचा अंदाज घेऊन कसेबसे पार केले. तिसऱ्याला टिचकी मारली. नाकाशी नेला. वहिनी दारात पदराचं टोक मुठीत धरून उभ्या. दादांनी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं.

"ही तुह्या गावची. दवणा पुढं, बडीशेप मागं. वा!"

मी पुढे झुकून त्यांच्या हातातला तो ग्लास हुंगला. भिंत हुंगल्यासारखं वाटलं. मीनूने मला नंतर सांगितलं, त्यात पाणी, साखर, बिनवासाची व्होडका, दुधाचे थेंब आणि कडवटपणाला चिरायत्याचा काढा होता. दवणा नव्हता, बडीशेप नव्हती. काहीच नव्हतं.

यार्डात डबे जोडल्याचा आवाज एकापाठोपाठ एक दूरपर्यंत गेला. मीनूने बापाकडे पाहिलं. दादा निकालाची वाट पाहत होते, अंगठा ग्लासाच्या काठावर फिरवत.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. "पूरे मार्क." तिने तो ग्लास त्यांच्या हातातून घेतला, उरलेलं स्वतः पिऊन टाकलं आणि आत गेली. आत नळ बराच वेळ वाहत राहिला.

संध्याकाळी तिने जाहीर केलं, "बाबा, अब रूल बदल. तुमचे सगळे पेपर सोडवून झाले. आता रविवारी मी सांगत जाईन, तुम्ही फक्त चुका काढायच्या."

"चुका तं काढीनच," दादा म्हणाले. त्यांचे खांदे एकदम खाली आले, ते मी पाहिलं.

पुढच्या रविवारांबद्दल काय सांगू. मीनू तिकडे ग्लास नाकाशी धरे आणि बोलू लागे. कुरणं नाहीत, मध नाही. "बाबा, ही म्हणजे आपल्या क्वार्टरचा कूलर. मे महिना, नवीन वाळा लावलाय, पहिलं पाणी पडलंय." दादा डोळे मिटत. "बाबा, ही म्हणजे तुमचा डबा. तुम्ही ड्यूटीवरून परत आणायचे तो. लोणचं, स्टील, अन ग्रीसचा हात." दादा मान हलवत. "हा. आला. आला." मग तिला अडवून म्हणत, "पण लोणचं आंब्याचं नाही, लिंबाचं. आंब्याचं तुही आई डब्यात देत नव्हती, तेल गळते म्हणून." आणि मग तेलावरून, डब्यावरून, ज्या पावसाळ्यात तो डबा नाल्यात पडला त्यावरून दोघांची जी गाडी सुटे, ती वहिनींनी चहाचं विचारलं तरी थांबत नसे. एकमेकांना खरं काय ते दोघांनीही विचारलं नाही. माझं काम सुटलं. तरी मी जात राहिलो.

एकदाच, माझ्यासोबत फाटकापर्यंत येताना ते म्हणाले, "भाऊ, पोरगी आजकाल लय समजावून सांगून राहिली. कावून?"

"तिची नोकरीच आहे ती, दादा."

"हं. मंग पगार चांगला असन."

दोन वर्षं असं चाललं. मग एका फाल्गुनात, दुपारच्या झोपेत, दादा गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले. मीनूची परतीची वेळ आली. रविवारच होता, पण कुणी तसं म्हटलं नाही. ती कपाट आवरत होती, मी नुसता बसलो होतो. एका बाटलीच्या तळाशी थोडं उरलेलं होतं. ते टाकावं की ठेवावं, असा विचार करत ती उभी राहिली.

वहिनी म्हणाल्या, "दे इकडे."

इतक्या वर्षांत त्यांनी त्या ग्लासांना धुण्यापलीकडे हात लावला नव्हता. मीनूने ग्लासात ओतून दिलं. पाणी नाही, काही नाही. वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला, औषध हुंगावं तसा हुंगला आणि भुवया वर गेल्या.

"हा होय काय?" त्या म्हणाल्या. "सोमवारी तुह्या बाबाचा सदरा धुवाले काढला का हा वास राहे. मी म्हणो, हे कोणतं अत्तर लावतात म्हतारपणी."

मीनू त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. या वेळी तिने काही समजावून सांगितलं नाही. वहिनींनी ग्लास ओठाला लावला नाही, खालीही ठेवला नाही. नाकाशी धरून त्या तशाच बसून राहिल्या. मी निघालो तेव्हा चपला हातात घेऊन पायरी उतरलो, आवाज होऊ नये म्हणून.