बोटांवरचा भार

“तुमचं चालू द्या,” हे रॉयस प्रूइटचं पालुपद होतं. ऑर्लीनच्या खानावळीचं दार ढकलून तो आत आला की आतल्या गप्पा मध्येच तुटत. टोपी काढत तो म्हणे, “तुमचं चालू द्या.” पण मग चालू व्हायचं ते भलतंच. आत्तापर्यंत फुटबॉलवरून टेबल बडवणारी माणसं कापसावर आणि वाऱ्यावर बोलू लागत. ऑर्लीन हळूच टीव्ही हवामानाच्या बातम्यांवर नेई.

मेस्किट फ्लॅट या गावची माणसं वाईट नव्हती. फुटबॉलचं नाव काढलं तर रॉयसच्या जखमेवरची खपली निघेल, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. रॉयसला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

पश्चिम टेक्ससच्या त्या सपाट मुलखात फुटबॉल म्हणजे पायानं चेंडू मारण्यापेक्षा खांद्याला खांदा भिडवायचा खेळ, आणि रॉयससारखे खांदे त्या मुलखानं पाहिले नव्हते. मोठे संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात त्या ड्राफ्टच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा गावानं पाण्याच्या टाकीवर ते हातभर अक्षरांत रंगवलं. पेपरवाले त्याला पहाड म्हणाले. दीड हंगाम झाला आणि संघानं पहाड परत पाठवला. बायको शहरातच राहिली. तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला लागला, रुळांपलीकडच्या घरात एकटा राहू लागला. संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून सामने बघायचा आणि कोण कुठं चुकलं ते भिंतीला समजावून सांगायचा. भिंत ऐकून घ्यायची.

त्याला दया नको होती, कौतुकही नको होतं. चार माणसांत बसून फुटबॉलवर बोलायचं होतं, एवढंच.

त्या एप्रिलात गावातल्या म्हाताऱ्या हॉईट रँकिनचा नातू कोल्बी ड्राफ्टमध्ये होता. उन्हं कलताना खानावळ गच्च भरली. रॉयस आत आला तसा ऑर्लीनचा हात रिमोटकडे गेला.

“राहू दे, मावशी. मी तेच बघायला आलोय.”

ऑर्लीननं हात मागं घेतला. मग जिनात त्याच्याबरोबर काम करणारा मर्ल म्हणाला, “सरका रे तिकडं. पहाडाला दोन खुर्च्या लागतात.”

माणसं हसली. रॉयसही हसला. ऑर्लीननं त्याच्यापुढं पीच भरून भाजलेल्या गोड ‘पाय’ची बशी ठेवली. “खा, बाळा. वाळलायस,” ती म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. मग कुणी काही विचारलं, त्यानं सांगितलं, ऐकणारे पुढं झुकले. वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी पाटाला लागावं तसा तो बोलत होता.

पडद्यावर कोल्बी दिसला. असा पोरगा पिढीतून एखादाच निपजतो, असं समालोचक सांगत होता. हॉईट रॉयसकडे वळला. “तू तिथं जाऊन आलायस. खरं सांग, टिकेल ना आमचा पोरगा?”

अशा दिवशी या प्रश्नाला त्या गावात एकच उत्तर असतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण रॉयसला त्या संध्याकाळपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळं त्याला तो खरोखरच प्रश्न वाटला.

“पोरगा चांगलाय, काका. पण डाव सुटायच्या आधी ओणवा होतो ना, तेव्हा पुढं मुसंडी मारायची असली की जमिनीवर टेकलेल्या बोटांवर सगळा भार टाकतो. नखं पांढरी पडतात. मागं सरकायचं असलं की बोटं सैल. चेंडू हलायच्या आधीच समोरच्याला कळतं. कॉलेजात कुणी बघत नाही. तिथं तेवढंच बघतात.”

“म्हणजे?”

“ही खोड आत्ताच मोडली नाही, तर दीड हंगाम. माझीपण हीच होती. मला कुणी सांगितली नाही.”

“तुझं बुडालं म्हणून सगळ्यांचं बुडायला पाहिजे का रे?” मर्ल म्हणाला.

“मर्ल, गप बस,” ऑर्लीन म्हणाली.

हॉईट चिडला नाही. गुडघ्यावरची टोपी फिरवत राहिला. “आज नको होतं रे सांगायला.”

“तुम्ही विचारलंत, काका.”

“विचारलं खरं.”

तेवढ्यात कोल्बीचं नाव पुकारलं गेलं. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले, हॉईटभोवती माणसांचं कडं पडलं. रॉयसही उठला. हात पुढं करून तो त्या पाठींमागं थोडा वेळ थांबला. एकही पाठ वळली नाही. त्यानं हात खाली घेतला, बशीत उरलेल्या तुकड्यावर कागदी रुमाल पसरला आणि बाहेर पडला.

बाहेर तांबडी धूळ उडत होती. पिकअप तिथंच सोडून तो रुळांच्या दिशेनं चालू लागला, सावकाश, रुंद खांदे किंचित पुढं काढून. आत माणसं हॉईटला मिठ्या मारत होती, आणि त्यांच्या खांद्यांवरून, काचेपलीकडं लहान होत जाणाऱ्या त्या माणसाकडे हॉईट बघत होता. हॉईट अजून हसला नव्हता.