खामफानची बोटं

थायलंडमधल्या नान गावात माझ्या नूडल्सच्या गाड्यासमोर खामफानचं शिवणाचं दुकान होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी काचबिंदूनं तिची नजर गेली. तिनं मशीन विकलं आणि ती घरात बसली. पडायच्या धास्तीनं खांदे कानांपर्यंत ओढून भिंतीच्या कडेकडेनं चालायची. मान वळेना, झोप येईना. मी सूप घेऊन गेले की म्हणायची, "ठेव नि जा. आंधळीकडे काय बघत बसतेस?"

शेवटी एका सकाळी मी तिला मोपेडवर मागे बसवलं आणि विहाराच्या ओसरीवर नेलं. तिथं सत्तरीच्या सेंगदामावशी लोकांचं अंग चेपून द्यायच्या.

मावशींनी तिला चटईवर निजवलं, आपल्या गुरूंना हात जोडले आणि तळपायांपासून सुरुवात केली. पोटऱ्या, मांड्या, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे वर चढत गेले. तिनं श्वास सोडला की दाब, घेतला की ढील. खांद्यांशी येऊन मावशी थांबल्या.

"अगं, हे खांदे आहेत की उखळ? कशाला एवढे आवळलेस?"

"पडेन म्हणून."

"जमिनीवरच तर आहेस. आता आणखी कुठं पडणार?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा खामफान हसली. हळद आणि गवती चहाच्या वाफाळत्या पुरचुंडीनं मावशी शेकू लागल्या, तर बाई चक्क घोरायला लागली.

मग ती दर आठवड्याला जाऊ लागली. एकदा मावशींनी तिचा हात आपल्याच गुडघ्यावर ठेवला. "कुठं आखडलंय, सांग." तिनं लगेच बोट टेकवलं.

"शिवणीतली गाठ अशीच लागायची हाताला," ती म्हणाली.

"मग शीक की. माझेही गुडघे कुणीतरी दाबायला हवेतच."

वर्षभर ती शिकली. पहिलं गिऱ्हाईक मी.

"कुठं दुखतं सांगू का?"

"गप्प पड. सापडेल मला."

पाठीत डावीकडे तिचा अंगठा बरोब्बर रुतला. बारा वर्षं पातेलं ढवळून तिथं दगड झाला होता. मी किंचाळले.

"श्वास सोड. सगळ्या गल्लीला खाऊ घालतेस, स्वतः कधी टेकतेस का?"

माझे डोळे भरून आले. त्या दिवशी गाडा न लावता मी दुपारभर झोपले. उठले तेव्हा मान हलकी झाली होती, आणि डोकंही.

आता खामफान काठी घेऊन एकटीच विहारात जाते. होड्यांच्या शर्यती जवळ आल्यात, त्यामुळे वल्हेकऱ्यांची तिच्यापुढे रांग असते. कालच एका धिप्पाड गड्याला ती दरडावत होती, "नदीला भीत नाहीस, नि माझ्या अंगठ्याला भितोस होय रे?"