रोट संपेपर्यंत

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढे नाही. शेंगांचा व्यापार करणारी बाई मी – साक्रीच्या बाजारात भल्याभल्यांना घाम फोडते – पण हे बोलायचं म्हटलं की जीभ जड होते.

आधी अभिमानाचं सांगते. ते सोपं आहे. माझ्या भावांना शाळा, मला गुरं – हा राग मी अजून गिळलेला नाही, गिळणारही नाही. म्हणूनच सून वैशाली घरात आली तेव्हा मी तिला धुळ्याच्या कम्युनिटी कॉलेजात घातलं. अन्नप्रक्रियेचा डिप्लोमा. आमच्या भाऊबंदकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली बाई! दीर म्हणाले, "सुनेला काय कलेक्टर करणार?" मी म्हटलं, "करीन. मग सातबारा घेऊन तिच्याच दारात उभे राहा."

पण झालं काय? मी शेंग कानाशी खुळखुळवून माल ओळखायचे. ती ओल मोजायचं यंत्र घेऊन बसू लागली. तिचं बरोबर यायचं. माझंही यायचं – हे सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. तरी व्यापारी म्हणू लागले, "अक्का, भाव मागून बोलू, आधी सूनबाईंना बोलवा." माझ्याच ओट्यावर, माझ्याच समोर. मीच शिकायला पाठवलेली पोरगी – आणि तिचंच मला खुपावं?

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे, बाहेर घासही जाऊ द्यायचा नाही. त्या वर्षी सोमवारी विसर्जन झालं, रोट उरले होते, आणि मंगळवारी वैशालीची प्रात्यक्षिक परीक्षा. ती निघाली तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, रोट संपेपर्यंत सुनेनं शीव ओलांडायची नाही, आपली रीत आहे. सासू केव्हाच गेलेली, घरात मीच थोरली – माझ्यावर शंका कोण घेणार? वैशाली देवाला मानणारी. रडली, पण गेली नाही. वर्ष गेलं.

खरंच होती का तशी रीत? – थांबा, तिकडेच येते आहे.

पुढच्या वर्षी ती पहिल्या वर्गात पास झाली. गावभर पेढे मीच वाटले. आज त्याच कॉलेजात ती खेड्यापाड्यांतल्या मुलींना शिकवते, त्यांच्याही घरातल्या त्या पहिल्याच. तिचं नाव निघालं की माझी छाती आजही फुगते. यात खोटं काही नाही.

पण माझा शब्द तोवर साऱ्या भाऊबंदकीनं धरला होता. गेल्या श्रावणात धाकट्या जावेची सून काजल परीक्षेला निघाली, तर रोट उरलेत म्हणून तिला त्याच रीतीचं नाव सांगून अडवलं. वैशाली मध्ये पडली. "माझं वर्ष गेलं, हिचं जाऊ देणार नाही." जाऊबाई माझ्याकडे वळली. "अक्का, तूच सांग, आपली रीत शे ना?"

सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"शे," मी म्हटलं – आहे.

वैशालीनं स्कूटीला किक मारली. "बस गं काजल. पाप लागलं तर मला लागू दे." दोघी धुळ्याला गेल्या. काजल पास झाली.

महिन्याभरानं दिरांची म्हैस मेली. दोष वैशालीवर आला. रोटांच्या पिठाला तिनं यापुढे हात लावायचा नाही, असं भाऊबंदकीत ठरलं. मी त्या बैठकीत होते. हिनं रीत मोडली, असं जो तो म्हणत होता, आणि बाजारात गरगर फिरणारी माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली होती.

तशी रीत आमच्यात कधीच नव्हती. त्या मंगळवारी दारात उभ्या उभ्या मी ती बनवली. वैशालीनं काहीही मोडलेलं नाही.

तिला हे अजून माहीत नाही.